आणिवाले सर

सरांनी मला फोनवर कधी ‘हॅलो’ म्हटलं नाही. फोन उचलला की थेट, “आणि दुसरं म्हणजे…” पहिलं काय ते परवाच बोलून झालेलं असायचं. मधले दिवस जणू आलेच नव्हते! आमच्या लोकल चॅनलच्या ऑफिसात त्यांचं नावच पडलं होतं, आणिवाले सर.

भाषाविज्ञान शिकवायला ते नागपूरकडून उज्जैनला आले, मलाही त्यांनीच शिकवलं, आणि इथलेच झाले. पुढे रिटायर झाले, काकूही गेल्या. मग माधव नगरच्या घरात ते आणि टीव्ही. मी नेत्यांच्या मुलाखती घ्यायचे. कार्यक्रम संपला की सरांचा फोन आलाच म्हणून समजा.

“तू विचारलंस, नळाला पाणी का नाही. त्यानं तुझं ‘पानी’ उचललं, शिप्रा मैयात नेऊन सोडलं, तिथून संस्कृतीवर गेला. शब्द तुझाच, गोष्ट भलतीच. आणि तू मान डोलावत बसलीस! अगं, तो प्रश्नांचा कागद ठेव बाजूला. माणूस काय बोलला, त्याला धरून विचार.”

असा राग यायचा! एकदा मी म्हटलंच, “सर, समोर बसलं की घाम फुटतो. तुम्हीच या ना स्टुडिओत.”

ते हसले. “मी दिवसभर तुझ्याशी मनातल्या मनात बोलत असतो गं. म्हणून फोनवर मधूनच सुरू होतो. चालतं ना?”

“चलता क्या सर, दौड़ता है!” मी म्हटलं खरं, पण आतून गलबलले.

थंडीत सर गेले. पुण्याहून मुलगा आला, राम घाटावर दिवसकार्य झालं आणि तो परत गेला.

निवडणुकीच्या दिवसांत एक बडे नेते माझ्यासमोर बसले होते. रखडलेल्या रस्त्याचा विषय निघाला. “इसीलिए तो हमने काम रुकवाया,” ते ऐटीत म्हणाले. मी कागद खाली ठेवला.

“इसीलिए यानी किसलिए?”

“देखिए, विकास…”

“विकास पर आएँगे. पहले बताइए, किसलिए?”

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

बाहेर आले आणि सवयीनं बोटांनी सरांच्या घरचाच नंबर लावला. पलीकडून फोन उचलला गेला आणि मी सुरू, “आणि सर, आज धरलं की नाही मी त्याला!”

“हॅलो?”

सरांचा मुलगा होता. घर रिकामं करायला आला होता. मी ओशाळले. माफी मागितली, सरांची फोनवरची सवय सांगितली.

तो म्हणाला, “मला बाबा रोज हॅलो म्हणायचे. हॅलो, बरा आहेस ना, चल ठेवतो. एवढंच.”

वाटलं, आता हाही ठेवेल.

“पण तुम्ही आत्ता म्हणालात, धरलं,” तो हळूच म्हणाला. “कोणाला धरलंत?”

मी तिथेच पायरीवर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.