तीन वाटे

ये गं पोरी, अशी जवळ बस. आल्याबरोबर परतीच्या गाडीचं विचारतेस, आणि वर आईला हसतेस? म्हणे एका बिस्किटाचेही तुकडे करते. अगं, तुझ्या आईसारखी वाटणी अख्ख्या भंडारा जिल्ह्यात कोणाला जमली नाही, शेतांचे हिस्से पाडणाऱ्या मोजणीदारालासुद्धा नाही.

आम्ही तिघं भावंडं: तुझी आई थोरली, मी मधली, मामा तुझा शेंडेफळ. घरी माग. बाबा पातळं विणायचे, आम्ही चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरायचो. त्यातलाच दोरा ओढून तुझी आई पेढा कापायची, केळं कापायची, उकडलेला शिंगाडाही. सुरीला खाऊ चिकटतो आणि सुरी धरणाऱ्याचा फायदा होतो, असं तिचं म्हणणं. अंगण झाडायचं तर काडीनं रेघा ओढून तीन भाग. वाऱ्यानं तिच्या भागातलं पान माझ्याकडे उडालं तर धावत यायची, "हे माह्या वाट्याचं हाय," म्हणून उचलून न्यायची. मायचं बोलणंसुद्धा एकट्यानं खायचं नाही. एकीला रागावली की तिघं रांगेत उभे. शेवटी मायच थकायची बिचारी.

एका वर्षी मंडईच्या, म्हणजे आमच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आदल्या दिवशी आमच्या मामानं, मायच्या भावानं, मोहाडीच्या बाजारातून चार गुलाबजाम आणले. तीन खाल्ले, चौथा दुसऱ्या दिवशी वाटायचा ठरला. दुपारी घरात कोणी नाही. मी म्हटलं, आपला तिसरा हिस्सा आपण आत्ताच घ्यावा, त्यात चोरी कसली? कांडीचा दोरा ओढून गुलाबजाम कापला. मग बाकीचे दोन हिस्सेही कसे गेले, ते माझ्या जिभेला विचार. पाकाचा दोरा तसाच कांडीवर गुंडाळून ठेवला. तीच कांडी बाबांनी आडवा दोरा विणणाऱ्या धोट्यात घातली आणि मंडईच्या सकाळी मागावरच्या पातळावर मुंग्यांची ही रांग.

बाबा एवढंच म्हणाले, ज्यानं केलं त्यानं आज मंडईला जायचं नाही, घरी कांड्या भरायच्या. महिनाभर मी दंडारीचा, त्या नाचगाण्याच्या खेळाचा, ध्यास घेतला होता गं. तुझ्या आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे झाली.

"बाबा, दोऱ्यानं कापाचं मीनंच शिकवलं तिघाईले. शिक्षेचेई तीन वाटे करा."

बाबांना हसू आवरेना. "तूच कर मंग," म्हणाले.

तिनं केले. सकाळी मी घरी बसायचं, दुपारी भावानं, संध्याकाळी तिनं. मी खूश, की माझा वाटा लवकर संपला. सकाळी मंडईत नुसते बांबू रोवतात आणि दंडार संध्याकाळी उभी राहते, हा हिशोब माझ्या डोक्यात शिरला तेव्हा ती लग्न होऊन कारध्याला गेली होती. आणि दंडारीचं वेड माझ्यापेक्षा तिला जास्त.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर ती चरख्यावरच होती. म्हणाली, "आता पुरी सांग. यात वाटा नोको देऊ."

मी अख्खी दंडार नाचून दाखवली. हसता हसता तिच्या हातचा दोरा दोनदा तुटला.

आता घरात माग नाही, चरखा नाही. मंडईच्या संध्याकाळी कोणाला घरी बसायचं कारण उरलं नाही. औंदा तिला घेऊन ये. दंडार उभी राहायच्या आत पोचा, आणि जमलं तर चार दिवस आधीच या.