ओडमुंडची आरोळी

ओडमुंडला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात शाळेची प्रथमोपचाराची पेटी होती आणि मला धाप लागली होती.

या खेड्यात शिक्षिका म्हणून येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. दुपारी वह्या तपासत होते, तोच वरच्या शेतावरून अशी आरोळी आली की माझी लाल शाई कुणाच्या तरी बरोबर आलेल्या बेरजेवर सांडली. माणूस यंत्रात सापडला, असंच मला वाटलं. पेटी उचलली आणि धावत चढ चढले. बघते तर एक उंच, लाजरा माणूस लाकडी पिंपाशी उभा होता, बाह्या वर सारलेल्या. शेजारी त्याची बायको गुरो निवांत मोजे विणत होती.

"कुणाला लागलं?" मी विचारलं.

तो कानांपर्यंत लाल झाला आणि पिंपात बघत राहिला. उत्तर गुरोनं दिलं. "लागलं कुणाला नाही, बाई. बिअरला विरजण घातलं त्यानं. आता आलातच, तर परवा चाखायलाही या. पेटी नाही आणली तरी चालेल."

मी बर्गनची, शहरात वाढलेली. मला हे काही ठाऊक नव्हतं. इथे माल्टचं गोड पाणी पिंपात धारोष्ण दुधाइतकं निवलं की त्यात घरचं यीस्ट सोडतात, आणि सोडताना जिवाच्या आकांतानं ओरडतात. आरोळी जितकी मोठी, तितकी बिअर कडक. शिवाय आरोळी ऐकली की शेजाऱ्यांना कळतं, परवा याच्याकडे जायचं. वेगळं आमंत्रण कुणी देत नाही.

ओडमुंडसारखा अबोल माणूस मी पाहिला नाही. पालकसभेत मी त्याच्या मुलीबद्दल, मारितबद्दल, लांबलचक बोलले की तो "हं" म्हणायचा, आणि फारच आनंद झाला तर "हं, हं". पण वर्षातून दोनदा, नाताळाच्या आधी आणि उन्हाळ्यात, तो तळ्यापलीकडच्या गाई दचकतील असा ओरडायचा. त्याची बिअर गावात सगळ्यांत चांगली. तिचं श्रेय तो स्वतःकडे घ्यायचा नाही. आजोबांपासून चालत आलेल्या विरजणाला द्यायचा. ते एका कोरीव लाकडी कड्यावर वाळवून कोठीत टांगलेलं असे.

मग मारितचं लग्न ठरलं. मुलगा ऑस्लोचा, फ्रेडरिक. व्याही मंडळी दोन दिवस आधी येऊन राहिली. जेवणानंतर विहीणबाईंचं डोकं दुखायला लागलं आणि त्या वरच्या खोलीत पडल्या. इकडे खाली पिंप तयार. मी स्वयंपाकघरात पातळ कडक भाकऱ्या रचत होते. उघड्या दारातून मला ओडमुंड दिसत होता. त्यानं छताकडे पाहिलं, हातातल्या कड्याकडे पाहिलं, पुन्हा छताकडे पाहिलं. शेवटी पिंपावर ओणवा झाला आणि हळूच, कानगोष्ट सांगावी तसं म्हणाला, "ओ."

लग्नातली बिअर आंबट झाली. थोडीथोडकी नव्हे, चेहरा वाकडा करणारी. फ्रेडरिकचे वडील सभ्य माणूस, एक घोट घेऊन म्हणाले, "फारच... अस्सल आहे." मारितनं मात्र बापाच्या डोळ्यांत बघत अख्खा वाडगा संपवला आणि ओठ पुसले. ते पाहून ओडमुंड जो कोठीत गेला, तो सगळे नाचायला लागले तरी बाहेर आला नाही.

गाव काय सोडतं होय? वर्षभर त्याला बघितलं की कुणी ना कुणी तोंडावर बोट ठेवून "शूऽऽ, विहीणबाई झोपल्यात!" म्हणायचं. ओडमुंडनं पिंप उलटं करून ठेवलं आणि बिअर करणं सोडलं. गुरो होती तोवर अधूनमधून टोचायची, "पिंपात कोंबड्या पाळू का?" पुढे गुरोही गेली. पिंप तसंच राहिलं.

तीन वर्षांपूर्वी मारितला खूप उशिरा मूल झालं. बारसं इथल्याच चर्चमध्ये करायचं ठरलं. फोनवर तिनं सांगितलं, "बाबा, बारशाला घरची बिअर हवी."

"दुकानात बरी मिळते," ओडमुंड म्हणाला. त्याच्या हिशेबानं हे भाषणच होतं.

"दुकानातली मी इथेही पिते. मला तुमची हवी."

तो माझ्याकडे आला आणि टोपी काढून बसला. "एकदा तिनं माझ्यासाठी आंबट प्यायली. पुन्हा तिला प्यायला लावायची नाही, बाई."

"मग आंबट करू नकोस," मी म्हटलं. वर्गातही माझे सल्ले साधारण याच दर्जाचे असत.

त्यानं पिंप सुलटं केलं, घासलं, बिअर गाळायला जुनिपरच्या फांद्या तोडून आणल्या. बारशाला चार दिवस असताना मारित, फ्रेडरिक आणि बाळ येऊन थांबले. फ्रेडरिक जावई म्हणून गुणी. दुसऱ्या दिवशी सासऱ्याला मदत म्हणून त्यानं सगळी कोठी आवरली. ओडमुंड शेतावरून आला तर पुढच्या दारावर ते कोरीव कडं लटकत होतं. भांडी धुण्याच्या यंत्रातून काढलेलं, लख्ख, वर लाल फीत बांधलेली.

"फार मळलं होतं," फ्रेडरिक आनंदानं म्हणाला. "आता कसं दिसतंय?"

ओडमुंडनं दारासमोर टोपी काढली.

"छान," तो म्हणाला.

आजोबांचं विरजण धुऊन गेलं होतं. आता ते मिळेल असं एकच घर उरलं. तळ्यापलीकडची टोरबोर्ग. तिनं तरुणपणी ओडमुंडच्या आईकडून विरजण नेलं होतं आणि ते जपलं होतं. पण "विहीणबाई झोपल्यात" हे वाक्य गावात पहिल्यांदा म्हणणारीही तीच. ओडमुंडनं मला सोबत चला म्हटलं. होडी त्यानंच वल्हवली.

"ये, ये, कुजबुज्या!" टोरबोर्ग दारातूनच ओरडली. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे आवाज मोठा. "विरजण हवंय ना? जावयानं अंघोळ घातली म्हणे कड्याला."

"हं."

"देते. तुझ्या आईचंच आहे. पण एक सांगते. लग्नाच्या वेळी तू ओरडला नाहीस, एवढंच नव्हतं. व्याह्यांना धबधबा दाखवत हिंडलास, तोवर पिंप गार झालं होतं. पाहुण्यांपुढे तू आधी बिअर विसरतोस, मग तोंड विसरतोस. उद्या मी कानातलं यंत्र काढून अंगणात बसणार. आरोळी ऐकू आली तर चाखायला येईन. नाही आली तर बारशाला कॉफीच पिईन!"

दुसऱ्या दिवशी मी ओडमुंडकडेच होते. ओडमुंड पिंपापासून हलला नाही. फ्रेडरिकनं फिरायला चला म्हटलं तर त्यानं मान हलवली. थोड्या थोड्या वेळानं कोपर बुडवून बघत होता. अखेर पाणी हवं तसं झालं. त्यानं टोरबोर्गच्या बरणीचं झाकण उघडलं, आणि तेवढ्यात फ्रेडरिक चवड्यांवर चालत आला.

"आत्ता झोपलाय," तो ओठांवर बोट ठेवून म्हणाला. "सकाळपासून पहिल्यांदा."

ओडमुंडचा हात थबकला. त्यानं छताकडे पाहिलं. बरणीकडे पाहिलं. मला ते सगळं पुन्हा तसंच दिसलं. तो हळूहळू पिंपावर वाकायला लागला.

"बाबा," जिन्यावरून मारित म्हणाली, "वाकायचं नाही. ताठ उभं राहायचं."

तो ताठ झाला. छाती भरून श्वास घेतला, बरणी पिंपात रिकामी केली आणि ओरडला. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्यात होतं. खिडकीची काच थरथरली, फ्रेडरिक खाली बसला, आणि वर बाळानं असा टाहो फोडला की आजोबांची आरोळी त्यात बुडून गेली.

"झालं," फ्रेडरिक म्हणाला.

"झालं!" मारित म्हणाली, आणि हसत बाळाकडे पळाली.

दोन दिवसांनी, बारशाच्या संध्याकाळी, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. टोरबोर्गही आली होती. आपल्याला ऐकू आलं ते बाळाचं रडणं होतं, असं ती सगळ्यांना सांगत होती. पहिला वाडगा मारितला दिला. तिनं बापाच्या डोळ्यांत बघत घोट घेतला. ओडमुंड दाराची चौकट धरून उभा होता. तिनं आणखी एक घोट घेतला, मग वाडगा फ्रेडरिकनं मागितला तर दिला नाही.

"हं, हं," ओडमुंड म्हणाला.

आता तो ब्याऐंशी वर्षांचा आहे. नाताळाच्या आधी एकदा आणि उन्हाळ्यात एकदा बिअर करतो. नवं विरजण वाळवलेलं कडं आता कोठीत ठेवत नाही. उशाजवळच्या खिळ्याला टांगतो, आणि फ्रेडरिक यायचा असेल तेव्हा माझ्याकडे आणून देतो.