लिफ्ट टुमॉरो, इन्शाल्ला

आमच्या बँडचा एक नियम आहे. नवी धून लोकांसमोर पहिल्यांदा वाजवायची असेल, तर ती करणाऱ्याने पुढे येऊन तिचं नाव सांगायचं आणि ते नाव कुठून आलं तेही सांगायचं. मग वाजवायचं. हा नियम मला आधी माहीत असता तर मी धून केलीच नसती.

बॅगपाइप मी अबुधाबीत शाळेच्या बँडमध्ये शिकले. ते वाद्य का आवडलं हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. तोंडात नळी असली की कोणी प्रश्न विचारत नाही. नोकरी लागल्यावर शनिवारी सकाळी सराव करणारा एक हौशी बँड मिळाला. त्यात दोन नर्स, काही शिक्षक आणि बरेच इंजिनियर. बँड चालवणारे सर स्कॉटलंडचे, सत्तरीकडे झुकलेले.

सर कुठलीही जुनी धून शिकवताना आधी तिच्या नावाची गोष्ट सांगायचे. मला वाटलं होतं, सगळी नावं राजांची आणि लढायांची असतील. तशी आहेतही. पण कोणाची तरी मासेमारी फसली म्हणून एक धून, कोणी नवे बूट हरवले म्हणून एक, आणि नावात मोठी लढाई असलेली एक प्रत्यक्षात बाळाला झोपवायची. एकेका नावाच्या दोन-दोन गोष्टी असायच्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या. सर दोन्ही तितक्याच खात्रीने सांगायचे. कोणती खरी, असं विचारलं की म्हणायचे, ते कोणालाच माहीत नाही, पण काहीतरी घडलं होतं एवढं नक्की.

माझ्या बाबतीत जे घडलं ते असं. अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटी या भागात आम्ही उंच मजल्यावर राहतो. एका ऑगस्टमध्ये इमारतीची लिफ्ट बंद पडली. पार्ट बाहेरून यायचा होता. बाबा ऑफिसातून आले की खाली वॉचमनला विचारायचे, "भाई, लिफ्ट?" तो म्हणायचा, "कल, इन्शाल्ला." तो हे मनापासून म्हणायचा आणि तेवढ्यात कोणाची तरी पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली खांद्यावर घेऊन स्वतःच जिना चढायला लागायचा. बाबांचे गुडघे दुखतात. तीन पायऱ्या, मग श्वास. तीन पायऱ्या, मग श्वास. प्रत्येक मजल्यावर थांबून ते फोन बघायचे. मी सामान घेऊन मागे असायचे. एक पिशवी मात्र ते हट्टाने स्वतःकडेच ठेवायचे. कितव्यातरी दिवशी माझ्या लक्षात आलं की माझी बोटं हातातल्या पिशवीच्या बंदावर धून वाजवताहेत, तीन-तीनच्या ठेक्यात. जिग नावाचा नाच त्याच ठेक्यावर असतो. लिफ्ट सुरू झाली तोवर माझ्याकडे धुनेचे चार भाग तयार होते.

सरांना ती आवडली आणि वार्षिक कार्यक्रमात घ्यायचं ठरलं. मी नाव दिलं, 'डेझर्ट डॉन', म्हणजे वाळवंटातली पहाट. बाबांना ते फारच आवडलं. त्यांनी ऑफिसात सांगितलं, मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं, चार कुटुंबांना आमंत्रण दिलं.

कार्यक्रमाला आठवडा राहिला असताना सरांनी विचारलं, ही पहाट तू कुठे पाहिलीस? मी वाळवंटातली पहाट कधीच पाहिलेली नव्हती. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, मग हे नाव अत्तराच्या बाटलीला दे. धून कुठून आली ते सांग. मी दोन वाक्यांत जिना सांगितला. त्यांनी वॉचमनचे शब्द मला पुन्हा म्हणायला लावले आणि म्हणाले, झालं, हेच नाव, 'लिफ्ट टुमॉरो, इन्शाल्ला'. मी म्हटलं, बाबा समोर बसलेले असतील. त्यावर ते गंभीर झाले. "मग बुधवारपर्यंत ठरव. खोट्या नावाने मी धून वाजवणार नाही. यादीतून काढू."

धून यादीतून गेली तर ती पुन्हा बाहेर काढायचं धाडस मला होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि चार कुटुंबांसमोर बाबांच्या गुडघ्यांचा विषय काढायचा, हेही मला जमेना. मंगळवारी ते कार्यक्रमासाठी शर्टला इस्त्री करत होते. मी दारात उभी राहिले, "चहा हवाय का?" एवढंच विचारून परत आले. वॉचमनला मात्र विचारलं, त्याचे शब्द धुनेच्या नावात घेऊ का. तो म्हणाला, "मेरा नाम मत डालना. लिफ्ट का डालो, सताया तो उसी ने." बुधवारी मी सरांना कळवलं की नाव बदललं आहे. बाबांना कळवलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा माईकसमोर माझा आवाज इतका बारीक निघाला की सरांनी माईक माझ्या तोंडाशी सरकवला. मी इंग्रजीत लिफ्टचं सांगितलं, रोजचा प्रश्न आणि रोजचं उत्तर सांगितलं. लोक हसले. अर्धं सभागृह तसल्याच इमारतींमध्ये राहणारं होतं. मग मी न ठरवलेलं एक वाक्य बोलून गेले. एक माणूस प्रत्येक मजल्यावर फोन बघत थांबायचा, कारण आपण दमलोय हे मागून येणाऱ्या मुलीला कळू नये असं त्याला वाटायचं.

तिसऱ्या रांगेत बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात त्यांचा आवाज आला, खणखणीत मराठीत.

"कितवा मजला ते सांग की."

"अकरावा," मी म्हटलं.

ते उठले, मागे वळले आणि साइटवरचा रिपोर्ट द्यावा तसं सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं, अकरावा मजला, एकवीस दिवस. हशा आणि टाळ्या एकदमच आल्या. त्या थांबायच्या आत सरांनी बँडला खूण केली. मी बॅगपाइपच्या पिशवीत हवा भरली. दुसऱ्या भागापर्यंत लोकांचे पाय ठेका धरायला लागले होते, आणि इतक्या माणसांसमोर एकटी पुढे उभी असूनही मला कुठे लपावंसं वाटत नव्हतं. शेवटचा भाग सरांनी दोनदा घ्यायला लावला.

घरी जाताना मुसफ्फाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "फोनचं तुला कळत होतं?"

"हो."

"मग पिशवी तरी घ्यायचीस माझ्या हातातली."

"तुम्ही दिली नसती."

"नसतीच दिली," ते म्हणाले, आणि हसायला लागले.

तीन महिन्यांनी उम्म अल कुवैनला समुद्राकाठी दोन-तीन बँडांचा मेळावा होता. गाड्यांच्या मागे दुसऱ्या बँडचा एक मुलगा माझी धून वाजवत होता. कोणाच्या तरी फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून शिकला होता. मी नाव विचारलं. त्याने ते बरोबर सांगितलं. पुढे म्हणाला, एक म्हातारा स्कॉटिश इंजिनियर दुबईत लिफ्टमध्ये अडकला होता, त्याने आत बसल्या बसल्या केली.

एरवी मी मान डोलावून पुढे गेले असते.

"नाही," मी म्हटलं. "ती मी केली आहे."

त्याने पाइप खाली घेतला. मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, वॉचमन, पिशवी, बाबा. त्याने दोनदा मध्ये प्रश्न विचारले आणि मी दोन्हींची उत्तरं दिली. शेवटी तो जरा ओशाळून म्हणाला की तिसऱ्या भागात त्याची बोटं अडखळतात.

"कारण तू घाई करतोस," मी म्हटलं, आणि माझा पाइप खांद्यावर घेतला.