आधी नक्कल, मंग नाव

वडश्याले नाटकाची तालीम सुरू होती. मी सासूचा आवाज काढून राह्यलो होतो, सारे खिदळत होते, तेवढ्यात मामाचा फोन आला. "आबाजी गेले बे…" मले वाटलं, कोनीतरी मामाची नक्कल करून राह्यलं. मामा कधी रडत नाई ना.

आबाजी म्हंजे माह्या आईचे वडील. आरमोरीजवळच्या खेड्यात धानाची शेती, अन् शेतीतून सुटले का जंगल. लहानपनी मी विचारो, "आबाजी, हा कोनता पक्षी होय?" तं म्हनत, "आधी नक्कल, मंग नाव." नक्कल जमेस्तोर नाव सांगत नसत. पावश्या झाला, तांबट झाला, भारद्वाज झाला… पुढं हेडमास्तरची नक्कल करून मी मार खाल्ला, त्याचं मूळ हेच.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सारे बोडीच्या, म्हंजे गावच्या लहान तळ्याच्या, पल्याडच्या जंगलात टेंभरं खायले गेलो. मामा, आई अन् मी डबे घेऊन पुढं. मामाची पोरगी चिमी, पहिलीतली, आबाजीच्या सायकलच्या कॅरियरवर. आबाजी सायकल ढकलत लय मागं. झाडाखाली पोचल्याबरोबर चिमीनं उडी मारली. "आबाजी, एक पक्षी आपल्या मागं मागंच येते! आपुन थांबलो का तोई थांबते!"

"कर नक्कल."

"चिर्र-चिक, चिर्र-चिक."

आबाजीनं कान तिच्या तोंडाले लावला. "अजून एकदा." मंग अजून एकदा… अन् वर फांदीवर तांबट ठोकून राह्यला होता, तिकडं त्यांनी मानही वळवली नाई. तवा मले समजलं. पाखरं त्यांना आयकू येनं कधीचंच बंद झालं होतं. जंगल त्यांच्यापर्यंत आता आमच्याच तोंडातून पोचत होतं.

"नाई ओळखू आला मले," ते म्हनाले. जन्मात पहिल्यांदा.

मामा हसला, "हारला बुढा!"

"काऊन हारीन? नाव सापडल्याबिगर मी मरत नाई, पाह्य तू!"

पावसाळ्यात गुडघ्यांनी दगा देल्ला, सायकल त्यांच्या खोलीत भिंतीले टेकली. तपास मात्र खाटेवरून सुरूच. गुराखी येवो का पाहुना, चिमीले उभं करत, "सुनाव याले." सारे माना हालवत. नाव काई सापडलं नाई, अन् आबाजी गेले.

तेरवीनंतर खोली झाडायची म्हून मी सायकल बाहेर काढली. अंगनातून चिमी बोंबलत आली, "भाऊ, तो आला! तोच पक्षी!"

मी थांबलो. आवाज थांबला. ढकलली… चिर्र-चिक.

आई हसता हसता खालीच बसली, मंग पदर डोळ्याले. वर्षभर ज्याले शोधलं, तो त्यांच्याच हातात होता, अन् त्यांनाच आयकू येत नव्हता.

मामा तेलाची कुपी घेऊन आला. चिमी चाकापुढं आडवी. "आधी नक्कल!"

मामानं इकडंतिकडं पाह्यलं. जन्मात कोनाची नक्कल न केलेला मानूस. "चिर्र…" आवाज फाटला. "चिक."

नक्कल्या म्हून सांगतो, हुबेहूब होती. तेलाची कुपी अजून आबाजीच्या खिडकीतच आहे. भरलेली.