‘लव्हली’ म्हणजे नको

“विशेषण कुठाय? आधी विशेषण धरा,” असं म्हणून मॅडम उजव्या हाताची दोन बोटं चिमटीसारखी जुळवायच्या आणि हवेतून काहीतरी उचलायच्या. तांदळातला खडा काढावा तसं. समोर पडद्यावर इंग्लंडातल्या गिऱ्हाइकाचा ईमेल असायचा. आम्ही त्यात आपलं ‘येस’ कुठे आहे, ‘नो’ कुठे आहे, हे शोधत बसायचो. ते दोन्ही कधीच सापडायचे नाहीत.

मॅडम आमच्या फौंड्रीत आल्या त्या एका घोटाळ्यामुळे. एका कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागाची, कड थोडी जाड केली तर ओतायला सोपं जाईल, असं आमच्या मालकांनी इंग्लंडच्या साहेबाला सुचवलं होतं. साहेबाचं उत्तर आलं, “दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग सजेशन.” मालक खूश. “आवडलंय की त्यास्नी! लागा कामाला.” साच्यासाठी नवा पॅटर्न झाला, माल ओतला, नमुने विमानानं गेले. तिकडून विचारणा आली की हे काय पाठवलंत, आणि कुणी सांगितलं होतं?

मालकांच्या सौभाग्यवतींच्या ओळखीच्या एक बाई बरीच वर्षं इंग्लंडात राहून कोल्हापूरला परतल्या होत्या. तिथे एका शाळेच्या ऑफिसात त्यांनी नोकरी केली होती. इकडे आल्यावर वर्षभरातच यजमान गेले. आता शिवाजी पेठेत फ्लॅटवर एकट्याच असायच्या. दर गुरुवारी दुपारी त्यांनी यावं आणि आम्हा एक्स्पोर्टवाल्यांना शिकवावं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी मालकही वर्गात बसले. मॅडमनी तो ईमेल वाचला आणि म्हणाल्या, “स्वच्छ नाही म्हटलंय त्यांनी.”

“कुठं म्हटलंय वो? न्हाय म्हणायचं आसंल तर न्हाय म्हणावं की! त्यात इंटरेस्टिंग काय हाय?”

“ते नाही म्हणतच नाहीत. एक विशेषण ठेवतात समोर. ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे नको. ‘ब्रेव्ह’ म्हणजे वेड लागलंय का. ‘नॉट आयडियल’ म्हणजे सगळं चुकलंय. आणि ‘इट माइट बी हेल्पफुल’ म्हणाले, तर ते मुकाट्यानं करायचं. तो हुकूम असतो.”

मालकांनी कपाळाला हात लावला. पण पुढच्या गुरुवारीही आले. त्याच्या पुढच्याही.

आमच्यात उत्तर सगळ्यात आधी मला सुचायचं, आणि माझं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर. म्हणून वर्ग सुटला की त्यांना मोटारसायकलवरून सोडायचं काम माझ्याकडे आलं. त्या एका अंगाला बसायच्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. खड्डा आला की म्हणायच्या, “थोडं हळू गेलो तर छान होईल, नाही?” मला कळायचं. सगळ्यांना कळायचं नाही. ऑफिसात चहा करणाऱ्या मावशींना त्या म्हणाल्या होत्या, “यात थोडं आलं असतं तर किती छान झाला असता!” मावशी आत येऊन सांगत्या झाल्या, “छान झालाय म्हणत्यात.” आलं काही कधी पडलं नाही. मंडईत त्या म्हणायच्या, “ही भेंडी जरा कोवळी असती तर…” आणि भाजीवाली म्हणायची, “मग घेऊ नगासा की.” त्या ओशाळून तीच भेंडी घ्यायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना काय हवंय ते त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नसतं.

त्यांनीच एकदा गाडीवरून उतरता उतरता सांगितलं. इंग्लंडात नवीन असताना शाळेच्या मोठ्या बाईंना त्या म्हणाल्या होत्या, “मी एक दिवस सगळ्यांना पुरणपोळी करून आणू?” बाई म्हणाल्या, “व्हॉट अ लव्हली आयडिया!” मॅडमनी लांबच्या दुकानातून डाळ आणली, गूळ मिळवला आणि दिवस कधी ठरतोय याची वाट पाहत राहिल्या. “डाळीला कीड लागली हो शेवटी,” त्या हसत म्हणाल्या. मग जिन्याच्या कठड्याला धरून जरा उभ्या राहिल्या. “लव्हली म्हणाल्या होत्या ना, मला वाटलं…”

एका रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. “तुम्हाला येणं जमलं तर बरं होईल.” मी पायात चपला सरकवून निघालोच.

टेबलावर दोन कप मांडलेले होते, पण चहा केलेला नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा तिकडेच वाढला, तिकडेच लग्न केलं. आठवड्यातून एकदा फोन करायचा, इंग्रजीत. मॅडमनी त्याला विचारलं होतं की यापुढे मी तुमच्याकडे राहायला आले तर कसं? त्याचं उत्तर त्यांनी मला वर्गातल्या आवाजात सांगितलं. “लव्हली आयडिया आहे, म्हणाला. पण थोडं प्रीमॅच्युअर वाटतं. उन्हाळ्यात भेटायला येणं मोअर सेन्सिबल. एका वाक्यात अर्थ सांगा.”

मी समोरचा रिकामा कप सरळ केला.

“तुम्हाला येतंय उत्तर.”

“मॅडम, तो साहेब न्हाय वो, पोरगा हाय तुमचा. मराठीत सरळ विचारा की. येऊ का नको?”

“असं विचारता येत नाही मला.” त्यांनी फोन हातात घेतला. मी उठायला लागलो तसं म्हणाल्या, “जाऊ नका. तुम्ही गेलात तर माझ्याच्यानं होणार नाही.” आणि त्यांनी फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. शेजारी आपले ऑफिसातले एक जण बसलेत, तेही त्याला सांगून टाकलं.

“मी तिकडे कायमची राहायला येऊ का? हो किंवा नाही, एवढंच सांग.”

“आई, इट्स अ बिट…”

“मराठीत.”

मग तो म्हणाला, “नको, आई.”

मॅडमनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, मी हे काय करून बसलो. पण तो थांबला नव्हता. अडखळत, शब्द शोधत बोलत होता. लहान मुलाचं मराठी होतं ते. वाढायचं राहून गेलेलं. “नको, कारण घरच नाही. आम्ही वेगळे झालो. मी एका खोलीत राहतो. दिवाळीच्या आधीपासून. तुला काय सांगू, कसं सांगू, ते येत नव्हतं.”

इतके दिवस हा मुलगा दर आठवड्याला ‘फाइन’ आहे, ‘बिझी’ आहे, ‘नॉट टू बॅड’ आहे, असं सांगत होता. जगाला विशेषणं उलगडून देणाऱ्या आईनं ती ऐकून घेतली होती.

त्यांनी विचारलं, “जेवतोस का?”

तिकडे तो रडत होता. मी उठून गॅलरीत गेलो आणि दार ओढून घेतलं. खाली तालमीच्या दारात फुटबॉल खेळून आलेली पोरं चिखलाचे बूट आपटत होती. आत मॅडमचा आवाज चालू होता, हळू, न थांबता. वरण कसं करायचं ते सांगत होत्या बहुतेक. कुकर, हळद, हिंग असे शब्द येत होते.

त्यानंतर तो रोज फोन करायला लागला. मॅडम गुरुवारी यायच्या, पण मधेच घड्याळाकडे बघायच्या. पावसाळा सरला तसं त्यानं दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं आणि म्हणाला, ये. एवढंच म्हणाला. मॅडमनी ते मला रस्त्यात थांबवून सांगितलं. “नुसतं ‘ये’ म्हणाला हो!”

फ्लॅट आवरायला मी आणि माझी बायको गेलो होतो. निघायच्या सकाळी मुंबईला जायची गाडी गल्लीत आत येईना, म्हणून बॅगा तीन रस्त्यांच्या तिकटीपर्यंत आम्हीच नेल्या. मॅडमनी स्वेटर आत्तापासूनच घातला होता, ऊन असून. बायकोचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, “माझी आठवण काढा.” गाडी गेली तरी बायको तिथंच उभी होती.

तिकडून अधूनमधून निरोप येतो. “मी बरी आहे. तो कामावर जातो. इथं चारलाच अंधार पडतो.” ‘बरी’ म्हणजे किती बरी, हे मला अजून नीट लावता येत नाही. कुणाला विचारणार?

परवाच्या गुरुवारी दुपारी एक फाइल हवी होती म्हणून मी वर्ग भरायचा त्या मीटिंगच्या खोलीत गेलो. मालक एकटेच बसले होते. समोर कप होता, पडदा बंद होता.

“मीटिंग हाय का, मालक?” मी विचारलं.

“न्हाय,” ते म्हणाले. “बसलोय आपला.”

मी फाइल घेतली. मग खुर्ची ओढून मीही बसलो.