पातेल्यातली पुली

आमच्याकडं एक लाल, उघड्या टपाची, दोनच माणसांची विलायती गाडी होती. गिरणीतला एक गोरा इंजिनिअर मायदेशी परतताना ती मागं ठेवून गेला आणि त्याच गिरणीत इंजिनिअर असलेल्या माझ्या नवऱ्यानं ती घेतली. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. माझं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी बोलणारं. लग्न होऊन सोलापूरला आले आणि या गाडीवरच मी चालवायला शिकले. हे शेजारी डोळे मिटून बसायचे. मी गिअर चुकवला की डोळे न उघडता नुसतं हसायचे.

त्या वर्षी शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांची गाड्यांची शर्यत ठरली. तेव्हापासून ह्यांचं लक्षच उडालं. जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा.

"कसला विचार चाललाय?" मी विचारलं.

"पुलीचा."

इंजिनाच्या पुढच्या टोकाला, मुख्य दांड्यावर, एक लोखंडी पुली असते. तिच्यावरचा पट्टा पंखा, डायनॅमो आणि पाण्याचा पंप फिरवतो. आमची मूळची पुली जड होती. ती हलकी आणि लहान केली की इंजिनावरचा भार उतरतो. ह्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून, शर्यतीतल्या कुठल्याशा गाडीची, तळहातावर मावेल एवढी पुली मिळवली आणि ऑक्टोबरच्या उन्हातच बसवली.

आम्ही कुंभारीच्या बाजूला निघालो. मोकळ्या रस्त्यावर गाडी खरंच निराळी धावली. इंजिनाचा आवाज पातळ झाला होता, दुरून कुणी तंबोरा छेडावा तसा. रस्त्यावर ऊन हलत होतं आणि आम्ही त्या हलत्या उन्हात शिरत होतो, पण ते काही जवळ येत नव्हतं. मला वाटलं, असंच जात राहावं.

पुढं मेंढरांचा कळप आडवा आला. गाडी मुंगीच्या पावलानं चालली, आणि थोड्याच वेळात पुढून वाफेचा लोट उठला. कळपामागून येणारी धनगरीण थांबली.

"लई तापलीय की ही! सावलीला घ्या तिला. पानी हाय आमच्याकडं."

आम्ही गाडी लिंबाखाली ढकलली. इंजिन निवेपर्यंत ती बाई आमच्याजवळ बसून राहिली. मेंढरं गाडीच्या चाकांना अंग घासत होती. मग तिच्या घागरीतलं पाणी ह्यांनी हळूहळू रेडिएटरमध्ये ओतलं.

"पुली फारच लहान झाली," हे म्हणाले. "पंप सावकाश फिरतो. वेगात चालून जातं, हळू चाललं की पाणी खेळतच नाही."

"मग परत जुनी लावायची?"

"जुनी जड आहे गं."

"शर्यत झाल्यावर गाडी बाजारातूनच घरी न्यायचीय की," मी म्हणाले. "मधलं काही मिळत नाही का?"

ह्यांनी रिकामी घागर त्या बाईला परत दिली. मग म्हणाले, "मिळत नाही. करून घ्यावं लागेल."

शहराच्या पूर्व भागात मागांचे सुटे भाग करणारे एक तेलुगू कारागीर होते. ह्यांनी कागदावर माप काढून दिलं: जुन्या पुलीपेक्षा लहान, मुंबईच्या पुलीपेक्षा मोठी, आणि ॲल्युमिनियमची. ते म्हणाले, "हलकी होईल, साहेब. पण धातू मऊ आहे. सैल बसली तर दांड्यावर डुगडुगून झिजेल. मी घट्टच ठेवतो."

मागांची कामं आधी, त्यामुळं पुली हातात आली ती संक्रांतीनंतर, शर्यतीच्या आदल्या दिवशी. चांदीच्या ताटलीसारखी चमकत होती. मी ती उन्हात फिरवून बघितली, तर अंगणाच्या भिंतीवर उजेडाचं वर्तुळ पळायला लागलं.

ह्यांनी रेडिएटर उतरवला. इंजिन फिरू नये म्हणून गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून मी ब्रेक दाबून बसले. पुढचा मोठा नट कडकन सुटला. तोवर परत लावलेली जुनी पुली ओढून काढली. तिच्या कडेला एक खाच होती, इंजिनाची वेळ जुळवायची खूण. दोन्ही पुल्या एकीवर एक ठेवून मी ती खाच कानशीनं नवीवर उतरवली.

नवी पुली मात्र दांड्यावर चढेना.

"हातोडी मारली तर चेपेल," हे म्हणाले आणि स्वयंपाकघराकडं बघितलं. "गरम केली तर जराशी फुलेल."

मी भाताचं पातेलं चढवलं. उकळत्या पाण्यात पुली बुडबुड्यांवर थरथरत राहिली. वाफेनं खिडकीबाहेरचं अंगण पुसट झालं, त्यात ती लाल गाडी तरंगल्यासारखी दिसत होती. सांडशीनं पुली उचलून, फडक्यात धरून मी धावले. ह्यांनी ती दांड्याला लावली आणि ती लोण्यात सुरी जावी तशी आत सरकली.

घात झाला तो शेवटी. नट आवळताना पाना सटकला आणि ह्यांचं मनगट बंपरवर आपटलं. बघता बघता सुजलं. हे पायरीवर बसून सांगत गेले आणि नट मी आवळला, पट्टा चढवला, त्याचा ताण अंगठ्यानं दाबून बघितला. रेडिएटर दोघांनी मिळून बसवला. इंजिन सुरू केलं तेव्हा ते मांजरासारखं घुरघुरलं.

"उद्या कसं हो?" मी विचारलं.

"उद्या तू."

"मी? सगळ्यांसमोर?"

"गाडीला कुठं कळतंय, चालवणारं कोण आहे ते."

दुसऱ्या दिवशी पदर कमरेला खोचून, डोक्याला रुमाल बांधून मी धावपट्टीवर उभी राहिले तेव्हा लोक कुजबुजत होते. झेंडा पडला आणि कुजबुज मागं गेली. लोकही मागं गेले. मी स्वतःशी कानडीत काहीतरी बोलत होते, काय ते आज आठवत नाही. पट्टीच्या दोन्ही कडांचं वाळलं गवत सोनेरी रेघ होऊन वाहत होतं. इंजिन वर वर चढत गेलं, अडखळलं नाही, आणि एका क्षणी मला चाकं जमिनीवर आहेत की नाहीत तेही कळेना. पाण्याच्या उष्णतेचा काटा जागचा हलला नाही.

आमच्या गटात दोनच गाड्या माझ्यापुढं राहिल्या. हे एका हातानं टाळी कशी वाजवावी या विचारात उभे होते. शेवटी त्यांनी बॉनेटवरच थाप मारली.

घरी जायचं सोडून आम्ही मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. हे शेजारी झोपी गेले. दोन्हीकडं ज्वारी कणसांवर आली होती, वाऱ्यानं पानं सळसळत होती. एका शेतात आगटी पेटलेली दिसली म्हणून मी गाडी थांबवली आणि ह्यांना उठवलं. राखणदार म्हातारा उठून म्हणाला, "या की, बसा. हुरडा हाय."

आम्ही बांधावर बसलो. ह्यांच्या हाताला पट्टी होती, म्हणून मी कणीस मळून, फुंकून, कोवळे हिरवे दाणे त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवत गेले.