हरीओमचा दोन हातांचा गडी

मेडशीच्या हरीओमला हात एकच, उजवा. डावा कोपराच्या पुढं चार बोटं जाऊन संपतो आणि त्यापुढं नुसती बाही. ती बाही रोज सकाळी तो दातांत धरून स्वतः दुमडतो, स्वतः खोचतो. त्याची बायको सुचिता शेजारी उभी असते, दोन धडधाकट हात घेऊन. तिनं नुसतं एक पाऊल पुढं टाकायचा अवकाश, की झालं! "राहू दे. मी काय मेलो काय?"

चार वर्षं हेच चाललंय. बटणं स्वतः लावणार. कांदा टाचेखाली धरून फोडणार. पाण्याच्या बाटलीचं झाकण बाटली काखेत दाबून उघडणार, अर्धं पाणी अंगावर सांडणार, आणि वर तोंड असं करणार की जणू मुद्दामच सांडलं. दुपारपर्यंत माणूस नुसता गळून जातो. त्या एका हाताला दिवसभर उसंत म्हणून नाही. सदा काहीतरी धरलेलं, सदा कशात तरी गुंतलेला. आपल्या पाठीवर तो हात शेवटचा कधी पडला, हे आता सुचितालाही आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर तीही दमली आहे. शेतातलं काम, घरातलं काम, ते काय, सगळ्याच बाया करतात. ही दमली ती मदत करू न दिल्यानं. असंही दमता येतं, पण सांगून कोणाला पटणार नाही.

आणि अंगणात ते थ्रेशर. दाराच्या बरोबर समोर, फाटक्या ताडपत्रीखाली. चार वर्षांपूर्वी सोयाबीनच्या हंगामात ह्याच थ्रेशरनं हरीओमचा हात नेला. कापलेल्या सोयाबीनची सुडी, म्हणजे गंजी, लावलेली होती, माल दवानं ओलसर, यंत्र सारखं चोंदत होतं. हरीओम पेंडी आत सारत होता, ती गुंतली, त्यानं ओढली, यंत्रानंही ओढली. ट्रॅक्टर मुन्नाचा होता. मुन्ना उडी टाकून बंद करायला धावला, "सोडा भाऊ, सोडा!" असं ओरडतच धावला. तोवर व्हायचं ते झालं होतं. पुढं अकोल्याच्या दवाखान्यात जो भेटायला येई तो हेच विचारी, "सोडून काहून नाही देलं लेका?" हरीओम छताकडं बघत पडून राही. सुचितानं मात्र हे कधीच विचारलं नाही.

ती दुसरंच मागत होती. थ्रेशर विकून टाका. रोज उठून दार उघडलं की ते समोर. पाण्याला जायचं तर त्याला वळसा घालून जायचं. वापरलेली यंत्रं घेणारा रिसोडचा बाबूलाल दर हंगामाला विचारून जायचा, आणि हरीओम दर वेळी म्हणायचा, "राहू दे, यंदा चालवतो." चालवतो कसला! हे त्यालाही माहीत होतं, सुचितालाही माहीत होतं, आणि थ्रेशरच्या तोंडात खुशाल अंडी घालणाऱ्या कोंबडीलासुद्धा माहीत असावं.

ह्या रविवारी बाबूलालचा निरोप आला. सोमवारी सकाळी ट्रॅक्टर घेऊन तिकडून चाललो आहे, द्यायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, नाहीतर मी पुन्हा विचारणार नाही. सुचितानं जेवणाच्या ताटावर विषय काढला.

"आवो, मी थकली. रोज त्याचं तोंड पाहून पाहून थकली. आता तरी हो म्हना."

हरीओम ताटावरून उठला. हात धुतला, बाही नीट केली आणि धीरजच्या दुकानाकडं निघून गेला. रविवारी दुपारी तो तिथंच जातो.

धीरजचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर पोत्यांच्या थप्प्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत सतरंजी. अकोल्याला शिकताना धीरजला एका खेळाचा नाद लागला, तो त्यानं गावी आणला. ह्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. धीरज गोष्ट सांगतो, पुढं दरी आहे, राक्षस आहे, काय करता? जो तो आपापला गडी काय करतो ते सांगतो, आणि ते जमलं की फसलं हे वीस तोंडांचा फासा ठरवतो. गावाला वाटतं वर पत्ते कुटतात. चौघंच असतात, धीरज, त्याची पोस्टात कामाला असलेली बहीण निकिता, ट्रॅक्टरवाला मुन्ना आणि हरीओम.

दोन वर्षांपूर्वी हरीओम खताची चौकशी करायला गेला आणि जिना चढून वर टेकला. धीरजनं सहज विचारलं, "भाऊ, खेळता काय? तुमाले कोन व्हाचं हाय?"

"दोन हाताचा," हरीओम म्हणाला.

कोणी हसलं नाही. म्हणून तर तो दुसऱ्या रविवारी पुन्हा गेला.

त्याच्या गड्याचं नाव रायभान. उजव्या हातात तलवार, डाव्यात ढाल. रायभान अर्धमांत्रिक, हा शब्द धीरजचा. पुरे मांत्रिक वेगळे, त्यांना मंत्र ढीगभर, अंगात मात्र दम नाही, हातात एक काठी घेऊन मागं उभे राहतात. ती काठी म्हणजे त्यांचं साधन, तिच्यातून मंत्र चालतो. अर्धमांत्रिक निम्मा लढवय्या. मंत्र थोडेच, तेही उशिरा मिळालेले, आणि दोन्ही हात लढाईच्या सामानानं भरलेले. मग साधन धरायचं कशात? नियमात सोय होती, रायभानच्या जातीच्या गड्यानं आपलं चिन्ह ढालीवर कोरून घ्यायचं, ढाल हेच साधन. हरीओमला हे फार आवडलं होतं. काहीच खाली ठेवायचं नाही, दोन्ही हातांत दोन वस्तू, आणि वर मंत्रही! आठवडाभर बाटलीशी, बटणांशी झुंजून रविवारी तो रायभान व्हायचा, आणि त्या दोन-तीन तासांत त्याचा थकवा कुठं जायचा कोण जाणे.

त्या रविवारी डाव एका बारवेवर आला. खोल बारव, काळं पाणी, आणि काठाच्या अरुंद दगडावर बैलाएवढा विंचू. मुन्नाचा गडी दूर अडकला होता. निकिताची तिरंदाज बाई नांगी लागून दगडावर आडवी झाली.

"पुढच्या पाळीत ती मरते," धीरज म्हणाला. "भाऊ, पाळी तुमची."

"रायभान तिच्यापाशी जाते. जखम भरन्याचा मंत्र म्हनते आन तिले हात लावते."

धीरजनं नियमांचं बाड उघडलं. त्यात डोकं घालूनच विचारलं, "कोनता हात, भाऊ?"

निकितानं त्याला कोपरानं ढोसलं. धीरजनं मान वर केली, काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि बिचारा कानापर्यंत लाल झाला. "म्हंजे, रायभानचा."

"डावा," हरीओम शांतपणे म्हणाला.

"डाव्यात ढाल हाय."

"ढालीवर चिन्ह हाय. चिन्ह म्हंजे साधन, तूच सांगतलं."

"हो, पन थे ज्या मंत्राले साहित्य लागते त्यालेच. भस्म, मुळी, असं काही लागत असन तं त्याच्याजागी साधन चालते, आन त्याच हातानं हातवारे बी करता येते. ह्या मंत्राले साहित्यच नाही. नुसता शब्द आन हात. त्याच्यासाठी हात रिकामा पायजे."

"वा रे वा! दोन दोन हात, आन एक बी रिकामा नाही म्हन!"

धीरजची नजर खोचलेल्या बाहीवर गेली, तिथंच क्षणभर राहिली. "जाऊ द्या भाऊ. तुमच्यासाठी चालवून घेऊ."

बस्स. बाजारात दुकानदार पिशवी उचलून द्यायला पुढं होतो, एसटीत माणसं उठून जागा देतात, लग्नात वाढपी त्याच्या पोळीचे तुकडे करून ठेवतो. ते सगळं जिना चढून वर आलं आणि इथंही येऊन बसलं. हरीओमचं डोकं सणकलं.

"मागच्या महिन्यात मुन्नाचा गडी असाच अडकला होता. त्याच्यासाठी चालवून घेतलं काय?"

"नाही."

"मंग माह्यासाठी काहून? नियम काय हाय थो सांग!"

धीरजनं बाडाचं पान उलटलं. "ढाल बांधलेली हाय, सोडाले अख्खी पाळी जाते. तलवार म्यान कराले बी येळ नाही, तुमी चालून आले. टाकता येते फक्त. पन दगड अरुंद हाय भाऊ, टाकली तं बारवेत जाते."

"नका टाकू," निकिता म्हणाली. "मरू द्या माही बाई. दुसरी बनवीन मी."

आणि मुन्ना एकदम ओरडला, "सोडू नका भाऊ!"

ओरडला आणि स्वतःच दचकला. त्यानं ओठ दातांत धरला, मान खाली घातली. हरीओम त्याच्याकडं बघत राहिला. हाच आवाज. त्या दिवशी थ्रेशरच्या गडगडाटातही तो स्वच्छ ऐकू आला होता. छताकडं बघत जे कोणाला सांगितलं नाही ते हेच होतं, की ऐकू आलं होतं. वेळ होता. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा, पण होता. मुठीत होती काय, तर एक ओली पेंडी, दोन मुठी दाणे निघाले नसते तिच्यातून. आणि त्याला वाटलं होतं, माझी आहे, ओढून काढतो.

त्याला फार फार थकल्यासारखं झालं. चार वर्षांचा शीण असा एकदम मांडीवर येऊन बसला.

"टाकली," तो म्हणाला. "गेली तलवार. आता रायभान हात लावते तिले."

मंत्र चालला. निकिताची बाई डोळे उघडून उठून बसली. मग विंचवाची पाळी आली. रायभानचं रक्त आधीच कमी झालेलं, हातात शस्त्र नाही. धीरजनं फासा हाताआड धरला, तिथंच टाकला असता तर काय पडलं ते कोणाला कळलं नसतं.

"समोर टाक," हरीओम म्हणाला.

समोर टाकला. नांगी बसली आणि रायभान ढालीसकट बारवेत गेला, तलवारीच्या मागं. दोन वर्षांचा गडी! निकिताला रडू आलं आणि खेळापायी आपण रडतो म्हणून तिची तिलाच लाज वाटली. धीरज म्हणाला, "पुढच्या रविवारी नवा बनवू, भाऊ. कसा पायजे?"

"पाहू," म्हणत हरीओम उठला.

दिवस कलला होता. सुचिता ओट्यावर तुरी पाखडत होती. "जितले काय?" तिनं वर न बघताच विचारलं.

"मेलो."

"बरं. चहा ठेवू?"

तो थ्रेशरच्या चाकाला टेकून उभा राहिला. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं. रोज तो ते खोचायचा, आज नाही खोचलं.

"बाबूलालले फोन लाव. सकाळी ये म्हना."

सूप थांबलं. सुचिता त्याच्याकडं बघतच राहिली आणि मग अशी उसळली की शेजारची माणसं डोकावली. "चार वर्षं मी बोंबलून राह्यली, थे ह्या कानानं आत न त्या कानानं बाहीर! आन धीरजच्या फाशानं एका दुपारी आयकवलं तुमाले! बायकोपेक्षा फासा बरा! आधी सांगतलं असतं तं मी बी आनला असता एक, मेला वीस तोंडाचा!" बोलता बोलता ती आत गेली, बोलता बोलताच फोन शोधला, आणि बाबूलालनं फोन उचलला तरी हिचं चालूच.

सकाळी बाबूलाल आला. कोंबडीला हुसकून अंडी काढली. थ्रेशर ट्रॅक्टरला जोडताना दांडा नीट बसेना, हरीओमचा हात दोनदा पुढं गेला, दोनदा त्यानं तो मागं घेतला. सुचिता आणि बाबूलालनं मिळून दांडा बसवला. यंत्र करकरत फाटकाबाहेर गेलं, रस्त्याला लागलं, वळणावर दिसेनासं झालं.

अंगणात त्याच्याखालची जागा उरली. गवत नसलेली, पांढरट, चौकोनी. तिथं ऊन पडलं होतं. सुचिता तिथं गेली. मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. दवाखान्यातही ती अशी रडली नव्हती.

हरीओमच्या हातात बाबूलालसाठी आणलेली पाण्याची बाटली होती. ती त्यानं जमिनीवर ठेवली. तिच्याजवळ जाऊन बसला आणि हात तिच्या पाठीवर ठेवला. ती आणखीच रडली. त्यानं हात काढला नाही. कोंबडी येऊन आपली जागा शोधत दोघांभोवती फिरत राहिली.

बऱ्याच वेळानं सुचितानं पदरानं तोंड पुसलं, त्याच्याकडं पाहिलं. "वरचं बटन तुटलं तुमचं."

"लावून दे," हरीओम म्हणाला.